गाडीमागचे घर आणि घरातील वडीलधारी माणसे

अमेरिकेत मुलांकडे चार-सहा महिने राहून येणारे आई-वडील आता बहुतेक मराठी घरांच्या ओळखीत असतात. तेथे उन्हाळ्यात शाळांना सुटी लागली, की घरात प्रवासाचे बेत सुरू होतात आणि त्या बेतांत कधी तरी ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ हा शब्द येतो. घरच्याच मोटारीच्या मागे जोडून न्यायचे हे चाकांवरचे छोटे घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज आणि शौचालय असते. रोज नवे हॉटेल शोधावे लागत नाही, वरणभाताचा कुकर देवदारांच्या सावलीतही लावता येतो आणि नातवंडांसह सारे कुटुंब एका छपराखाली राहते. पथ्यपाणी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना ही कल्पना मनापासून आवडावी, यात नवल नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून अशा प्रवासाची कल्पना आपल्याकडेही परिचित होऊ लागली आहे. मात्र आपल्याकडे दिसते ती बहुधा इंजिनासह एकसंध असलेली गाडी. ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते. तो ओढला जातो. या एका फरकामुळे सुरक्षेचे आणि आरोग्याचे काही वेगळे प्रश्न उभे राहतात.

बेत आखताना रस्ते पाहिले जातात, उद्यानांतील जागा राखून ठेवल्या जातात, नातवंडांच्या आवडीनिवडी विचारात घेतल्या जातात. ज्येष्ठांच्या शरीराचा हिशेब मात्र अनेकदा राहून जातो. मुलांना तो विचारणे अवघड वाटते आणि ‘आपल्यामुळे त्यांचा खोळंबा नको’ म्हणून आपण तो सांगत नाही. हे दुहेरी मौन प्रवासात महाग पडू शकते. या वेळच्या लेखात तोच हिशेब मांडू या.

वजनाच्या बेरजेत आपणही असतो

मोटार किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते, याचा एक आकडा तिचा निर्माता देतो. पुष्कळ लोक तेवढाच आकडा पाहतात. परंतु तो ठरवताना गाडीत बहुधा चालक आणि एखादा प्रवासी एवढेच धरलेले असतात. सहा माणसे, त्यांच्या बॅगा आणि खाण्याचे डबे त्यात नसतात.

कुटुंबाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असतो तो दुसरा आकडा. अमेरिकेत चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला, की चौकटीवर एक चिकटपट्टी दिसते. गाडीतील माणसे आणि सामान मिळून किती वजनाच्या पुढे जाऊ नये, हे तिच्यावर लिहिलेले असते. ट्रेलर जोडला, की त्याचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या जोडावर टेकतो आणि त्याचा भारही याच मर्यादेत मोजावा लागतो. साधारणतः भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के इतका भार या जोडावर असावा लागतो. तो कमी असला, म्हणजेच ट्रेलरची मागची बाजू जड झाली, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि पुढची गाडीही त्याबरोबर ओढली जाते. म्हणून हा भार टाळता येत नाही. तो मोजावाच लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, चिकटपट्टीवरील मर्यादा ६३५ किलो आहे आणि भरलेला ट्रेलर २,२५० किलोंचा आहे. त्याच्या १२ टक्के म्हणजे २७० किलो जोडावर येतील. जोडणीचे लोखंडी साहित्य ३५ किलो. मुलगा आणि सून मिळून १४० किलो, दोन नातवंडे ५५ किलो, गाडीतील सामान ६० किलो. ही बेरीज ५६० होते. म्हणजे मर्यादेच्या आत. आता आजी-आजोबांचे १३० किलो मिळवा. बेरीज ६९० किलोंवर जाते, मर्यादेपेक्षा ५५ किलो अधिक. जाहिरातीतल्या आकड्यानुसार तोच ट्रेलर ओढण्यास ती गाडी समर्थ असेलही. पण मागची चाके, स्प्रिंग आणि ब्रेक यांना जाहिरात ठाऊक नसते.

याचा अर्थ आजी-आजोबांनी घरी राहावे असा मुळीच नाही. अर्थ एवढाच, की ट्रेलर निवडण्यापूर्वी माणसे मोजली पाहिजेत. ट्रेलर लहान घेता येतो, अधिक भारक्षमतेची गाडी घेता येते किंवा कुटुंबाला दोन गाड्यांतून जाता येते. ट्रेलर भाड्याने देणारे काही जण तो थेट मुक्कामाच्या जागी आणून उभा करून देतात आणि परतही नेतात. अशा वेळी ओढण्याचा प्रश्नच उरत नाही आणि कुटुंब आपल्या मोटारीने मोकळेपणाने फिरू शकते. ज्येष्ठ सोबत असताना हा पर्याय आधी पाहावा, असे मी सुचवीन. साधी भाड्याची मोटार घेऊन तिला ट्रेलर जोडण्याचा विचार मात्र करू नये. बहुतेक कंपन्यांच्या करारात त्याला मनाई असते.

आपले वजन विचारले गेले, तर संकोच मानू नये. विचारले गेले नाही, तर आपणच सांगावे. चाकांची खुर्ची, वॉकर, प्राणवायूचे यंत्र यांचेही वजन त्यात धरावे. पाण्याचे वजनही लक्षात असू द्यावे: एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरून निघालो, तर ट्रेलरमध्ये एक धट्टाकट्टा माणूस वाढवल्यासारखेच होते. मुक्कामी नळाचे पाणी मिळणार असेल, तर टाकी तेथे गेल्यावर भरावी.

धावत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये

‘आत पलंग आहे, बाबांना जरा पडू द्या’, असे प्रेमाने सुचवले जाते. ही सूचना नम्रपणे पण ठामपणे नाकारावी. अमेरिकेतील अनेक राज्यांत मागे जोडलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये बसून प्रवास करण्यास कायद्याने मनाई आहे. आणि कायदा काहीही असला, तरी आत सीटबेल्टसह सुरक्षित आसन नसते. एखाद्या वळणावर शेगडी, कपाट आणि माणूस एकमेकांवर आदळू शकतात. झोप आली असेल, तर गाडी थांबवून, ट्रेलरमध्ये तासभर आडवे होऊन मग पुढे निघावे. शौचालयाचेही तसेच. गाडी पूर्ण थांबल्याखेरीज आत पाऊल टाकू नये.

गाडीतील आसनही विचारपूर्वक निवडावे. मोठ्या गाड्यांत तिसरी रांग असते. तेथे शिरताना वाकावे लागते, गुडघे छातीशी येतात आणि मागच्या चाकांच्या जवळ असल्याने दणकेही अधिक बसतात. ती रांग नातवंडांची. ज्येष्ठांसाठी मधल्या रांगेतील दरवाजालगतचे किंवा चालकाशेजारचे आसन योग्य.

ट्रेलर जोडलेली गाडी थांबायला नेहमीपेक्षा जास्त अंतर घेते आणि तिला सावकाशच चालवावे लागते. कॅलिफोर्नियात अशा गाडीला ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा आहे. म्हणून नकाशात दिसणारा पाच तासांचा प्रवास प्रत्यक्षात सात तासांचा होतो. दिवसाला चार-पाच तासांहून अधिक रस्ता ठरवू नये आणि उजेड असतानाच मुक्कामी पोहोचावे. कधी ट्रेलर झोके घेऊ लागलाच, तर चालकाला शांतता हवी असते. तो जोरात ब्रेक न दाबता वेग हळूहळू कमी करतो. सोय असेल तर केवळ ट्रेलरचे ब्रेक हाताने लावतो. मागून ‘अरे, ब्रेक लाव’ असे ओरडणे त्या क्षणी घातक ठरू शकते.

पाणी, पाय आणि थांबे

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासात पायांच्या खोल नीलांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वाढते वय, स्थूलपणा, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग किंवा पूर्वी झालेली गुठळी यांमुळे तो आणखी वाढतो. भारतातून विमानाने आलेल्यांनी अगोदरच पंधरा-वीस तासांची बैठक मारलेली असते. म्हणून विमानातून उतरल्यावर निदान आठवडाभर घरी राहावे, झोप रुळावर येऊ द्यावी आणि मगच या प्रवासाला निघावे.

दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी आणि दहा मिनिटे चालावे. बसल्या जागी पावले वर-खाली करावीत, टाचा टेकवून चवडे उचलावेत, पोटऱ्या आवळून सैल सोडाव्यात. दाब देणारे मोजे वापरायचे असतील, तर डॉक्टरांना विचारून आणि नेमक्या मापाचेच वापरावेत. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखले, तर वाट पाहू नये. ९११ या क्रमांकावर तत्काळ मदत मागवावी.

येथे एका जुन्या सवयीविषयी बोलायला हवे. लघवीसाठी गाडी थांबवावी लागू नये म्हणून अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. काही जण तर लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर टाळतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. पश्चिम अमेरिकेतील कोरड्या हवेत घाम चटकन सुकतो आणि शरीरातील पाणी कमी होत आहे, हे लक्षातही येत नाही. त्यातून भोवळ, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग, गोंधळलेपण आणि पडणे अशी मालिका सुरू होते. गोळीच्या वेळेत बदल करायचा असेल, तर तो निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. मुलांनीही ‘थांबायचे का?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर ‘नको, चालेल’ असेच येते. त्याऐवजी घड्याळ लावून थांबावे. थांबा सर्वांसाठी असला, की कोणालाच संकोच वाटत नाही.

औषधांची पिशवी आपल्याजवळ

औषधे ट्रेलरच्या कपाटात न ठेवता गाडीत आपल्याजवळ ठेवावीत. पण थांब्यावर बंद गाडीत सोडून जाऊ नयेत. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे आणि ट्रेलरचे तापमान झपाट्याने वाढते. इन्सुलिन वापरणाऱ्यांनी अधिक जपावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. वापरात असलेले बहुतेक प्रकार ३० अंशांखाली, ठरलेल्या दिवसांपुरते, बाहेर राहू शकतात. ट्रेलरमधील गॅसवर चालणारा फ्रिज जमीन सपाट नसेल तर नीट काम करीत नाही आणि प्रवासात तो बंदही ठेवला जातो. म्हणून उष्णतारोधक पिशवी सोबत असावी. मात्र इन्सुलिन बर्फाला थेट टेकू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

भारतातील चिठ्ठीवर तेथील दुकानदार सहसा औषध देत नाही. संपूर्ण मुक्कामाला पुरेल इतका साठा, औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीतील यादी, ॲलर्जीची नोंद आणि विम्याचे कागद एका पाकिटात ठेवावेत. आधीपासूनच्या आजारांबाबत विम्यात काय लिहिले आहे, ते निघण्यापूर्वी मुलांसह वाचून घ्यावे. झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठी सीपॅप यंत्र लागत असेल, तर रात्री वीजजोडणी मिळेल अशीच मुक्कामाची जागा निवडावी.

उंचीवरची डोकेदुखी

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटरवर आहे, आणि यलोस्टोन उद्यानाचा बहुतांश भाग २,३०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच. रॉकी माउंटन उद्यानातील ट्रेल रिज रस्ता तर ३,७०० मीटरपर्यंत चढतो. तेथे विरळ हवेत मोटारीच्या साध्या इंजिनाचाही जोर कमी होतो. मग हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या माणसाला धाप लागली, तर नवल ते काय? अशा व्यक्तींनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच मार्ग ठरवावा. इतरांनीही पहिले दोन दिवस चढ-उतार टाळावेत, हलका आहार घ्यावा. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही उंची बाधल्याची लक्षणे आहेत. ती वाढत गेली, तर खाली उतरणे हाच खरा उपाय होय.

परंतु ट्रेलरमध्ये याच लक्षणांचे दुसरे, अधिक भयंकर कारण असू शकते: कार्बन मोनॉक्साइड. गॅसची शेगडी, हीटर किंवा बाहेरच्या जनरेटरचा धूर यांतून तयार होणाऱ्या या वायूला रंग नसतो, वास नसतो. डोकेदुखी, भोवळ, मळमळ आणि सुस्ती ही त्याची प्रारंभीची लक्षणे उंचीच्या त्रासासारखीच भासतात. एकाच वेळी घरातील दोघा-तिघांना त्रास होऊ लागला आणि मोकळ्या हवेत बरे वाटले, तर संशय याच वायूचा घ्यावा. सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे आणि मदत मागवावी. सामान घेण्यासाठी परत आत जाऊ नये. पहाटे गारठा असतो म्हणून ऊब मिळावी यासाठी शेगडी कधीही पेटवून ठेवू नये. ट्रेलर ताब्यात घेतानाच कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा, असे दोन्ही इशारायंत्रे चालू आहेत का, हे बटण दाबून पाहण्यास मुलांना सांगावे. त्यांचा आवाज कसा असतो, तो आपणही एकदा ऐकून ठेवावा.

मुक्कामी पोहोचल्यावर

ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावणे हे कसरतीचे काम असते. अशा वेळी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत मागे उभे राहण्याचा मोह आजोबांना होतो. तो आवरावा. ट्रेलरच्या थेट मागे असलेला माणूस चालकाला दिसत नाही. हे काम तरुणांपैकी एकाने, चालकाच्या आरशात दिसेल अशा ठिकाणी उभे राहून करावे. चाकांना अडण्या लावून आणि चारही कोपऱ्यांचे टेकू खाली सोडून होईपर्यंत ज्येष्ठांनी खुर्ची टाकून दूर बसावे. टेकूंशिवाय ट्रेलर पावलागणिक हलतो आणि तेवढ्या हिसक्यानेही तोल जाऊ शकतो.

दाराच्या घडीच्या पायऱ्या अरुंद आणि उंच असतात. चढताना दांडा धरावा, उतरताना हातात काहीही घेऊ नये. शक्य तर तोंड ट्रेलरकडे करून, शिडीसारखे उतरावे. सपातांऐवजी मागून बंद असलेली पादत्राणे वापरावीत. झोपण्यासाठी ज्येष्ठांना शौचालयाजवळचा, ज्यावरून कोणाला न ओलांडता उतरता येईल असा पलंग द्यावा. भिंतीकडची बाजू किंवा वरची फळी देऊ नये. पलंग ते शौचालय या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा आणि वाटेत बॅगा नसाव्यात. आंघोळीसाठी आतील चिंचोळ्या न्हाणीपेक्षा, उपलब्ध असल्यास, मुक्कामाच्या आवारातील आधारदांडे असलेले स्नानगृह बरे.

स्मरणशक्ती क्षीण झालेल्यांसोबत

विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला रोज नवी जागा दाखवणे तिच्यावर अन्याय करणारे ठरते. एका ठिकाणी तीन-चार रात्री मुक्काम करावा. उशी, पांघरूण, देवाचा छोटा फोटो अशा ओळखीच्या वस्तू सोबत घ्याव्यात. तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढते; त्या वेळी प्रवास किंवा मांडामांड नसावी. रात्री दार उघडले तर आवाज होईल, अशी छोटी घंटा लावावी, कारण अंधारात सगळे ट्रेलर सारखेच दिसतात. नाव आणि मुलांचा फोन क्रमांक लिहिलेली पट्टी मनगटावर असावी. अनेक उद्यानांत मोबाइलला संपर्क नसतो. म्हणून आपल्या जागेचा क्रमांक आणि जवळचा वनरक्षक कोठे भेटतो, हे कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावे. काळजी घेणारी व्यक्तीही माणूसच असते. गाडी चालवणारा आणि रात्री जागणारा एकच नसावा, एवढी वाटणी निघण्यापूर्वीच करावी.

निघण्यापूर्वीची बैठक

या सर्व गोष्टींसाठी एका संध्याकाळची बैठक पुरते. चहा घेता घेता मुलांसमोर आपले वजन, औषधांच्या वेळा, रात्री किती वेळा उठावे लागते, किती पायऱ्या चढवतात आणि किती वेळ सलग बसवते, हे स्वच्छ सांगावे. यात तक्रार नाही, अडथळाही नाही. गाडीच्या टायरमधील हवा जशी निघण्यापूर्वी तपासली जाते, तशीच ही माहिती. मुलांना ती वेळेवर मिळाली, तर ते ट्रेलर लहान घेतील, रस्ता जवळचा निवडतील, एखादे ठिकाण सोडून देतील; आणि सोडलेल्या त्या ठिकाणाची हळहळ कोणालाही वाटणार नाही. वाटेत आजाराने गाठले, तर मात्र सर्वांच्याच मनाला ते लागून राहते.

नातवंडांना आजी-आजोबांसह उघड्या आकाशाखाली घालवलेल्या रात्री पुढे दीर्घकाळ आठवतात. त्या रात्री सुखाच्या जाव्यात, यासाठी एवढी पूर्वतयारी फार नाही. आपला प्रवास निर्विघ्न होवो.